कोनफ्लॉवरचे लाड करू नका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घर घेतलं त्याच वर्षी, सप्टेंबर संपता संपता, मी कोनफ्लॉवरची तीन रोपं आणली. केशरी रंगाची, मोठ्या हौसेने. खड्डा खणला, त्यात पिशवीभर शेणखत ओतलं, वरून मल्चचा, म्हणजे माती झाकणाऱ्या आच्छादनाचा, जाड थर दिला आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी घालत राहिले. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर मल्च बाजूला केलं तर तिन्ही गड्डे काळे पडलेले. बोटाने दाबले तर चिखलासारखे दबले. मला फार वाईट वाटलं, कारण थंडीने मेले म्हणावं तर शेजारच्या अंगणात हेच झाड उघड्यावर, काहीही न पांघरता जिवंत होतं.

त्या शेजारच्या आजींनीच मे महिन्यात मला त्यांच्या वाफ्यातला एक गड्डा कुदळीने तोडून दिला. साधा, गुलाबी-जांभळ्या फुलांचा. ‘खत घालू नकोस,’ एवढंच बजावलं. त्या एका गड्ड्याची आज माझ्याकडे साठेक झाडं आहेत. मंडळातल्या मैत्रिणी दरवर्षी विचारतात की तुझी कशी जगतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे. मी उत्तर इलिनॉयमधून लिहिते. ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन, न्यू जर्सी इथे राहणाऱ्यांना यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी हे झाड कुठलं ते समजून घ्या

कोनफ्लॉवर, म्हणजे शास्त्रीय नावाने एकिनेशिया, हे इथलंच, उत्तर अमेरिकेचं रानफूल. दुकानात परदेशी गुलाबांच्या शेजारी ठेवलेलं असतं म्हणून आपण त्याला नाजूक समजतो, पण ते माळरानावरचं आहे. कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे आपल्या झेंडू-शेवंतीचंच. मधलं बोंड काटेरी असतं, त्यावरूनच नाव पडलं: ग्रीक ‘एकिनोस’ म्हणजे अंगभर काटे असलेला साळिंदरासारखा छोटा प्राणी. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा वाळलेलं बोंड हातात घेऊन म्हणाली, ‘अगं, हा तर आपला उंटकटारा!’ सातारा-फलटणच्या कोरड्या माळावर निळसर काटेरी चेंडूंचा जो उंटकटारा दिसतो, त्याचं शास्त्रीय नाव एकिनॉप्स. तेही त्याच ग्रीक शब्दावरून आलेलं, आणि कूळही तेच. आईला ग्रीक येत नाही, पण तिने हाताला टोचलेल्या काट्यांवरून नातं बरोबर ओळखलं.

इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात. प्रेअरी म्हणजे माणसाच्या उंचीचं गवत आणि त्यात रानफुलं. १८३७ साली याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात जॉन डिअर या लोहाराने पोलादी नांगर बनवला, आणि जी चिकट काळी माती लोखंडी फाळापासून सुटत नव्हती ती उलटायला लागली. मूळ चांगल्या प्रेअरीपैकी आज टक्क्याचा शंभरावा भागही उरलेला नाही. आमच्या घराजवळ लाइल गावात मॉर्टन आर्बोरेटम आहे. तिथे १९६२ पासून जुन्या शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी उभी केली आहे, शूलेनबर्ग प्रेअरी म्हणतात तिला. जूनमध्ये एकदा तिथे जाऊन याच, एवढी एक फेरी बागकामाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. फिकट जांभळ्या कोनफ्लॉवरची झाडं गवताच्या गर्दीत, कुणी पाणी न घालता, कुणी खत न घालता ताठ उभी असतात. पाकळ्या बारीक, लांब, खाली लोंबणाऱ्या. ती बघितल्यावर माझ्या शेणखताच्या पिशवीचं उत्तर मला मिळालं.

कोणतं रोप घ्यायचं

घरच्या बागेसाठी पहिली निवड एकिनेशिया परप्युरिया, साधं जांभळं. दोन ते चार फूट उंच, मुळं तंतुमय, त्यामुळे गड्डा तोडून वाटता येतो. हे मुळात रानाच्या कडेचं, म्हणून थोडी सावलीही चालवून घेतं. आर्बोरेटममधलं फिकट जांभळं म्हणजे एकिनेशिया पॅलिडा. त्याचं सोटमूळ गाजरासारखं सरळ खोल जातं, एकदा लावलं की हलवायचं नाही. ते मला परप्युरियापेक्षा जास्त आवडतं, पण पहिलं झाड म्हणून घेऊ नका. फुलायला तीन-चार वर्षं लावतं.

नावाच्या वाणांपैकी ‘मॅग्नस’ भरवशाचं आहे, पाकळ्या आडव्या, पसरट. १९९८ साली त्याला इथल्या ‘पेरेनियल प्लँट ऑफ द इयर’चा मान मिळाला होता. पांढऱ्यात ‘व्हाइट स्वॉन’. बियांपासून रंगीबेरंगी हवी असतील तर ‘शायेन स्पिरिट’: लाल, केशरी, पिवळी, जांभळी अशी मिसळ एकाच पाकिटातून येते.

केशरी-पिवळ्या संकरित जातींविषयी माझं मत स्पष्ट आहे. त्यांच्यात ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या पिवळ्या जातीचं रक्त असतं, आणि ओल्या, चिकणमातीच्या हिवाळ्यात त्यातल्या बऱ्याच दोन-तीन वर्षांतच जातात. हौस असेल तर घ्या, पण वसंतात घ्या, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील.

आणि डबल फुलं, ती पोम-पोमसारखी गच्च भरलेली, ती मी आता लावत नाही. दिसायला छान असतात, पण मधमाशीला तिथे जवळजवळ काही सापडत नाही, कारण मधल्या बारक्या फुलांच्याच पाकळ्या करून टाकलेल्या असतात. डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटरने बऱ्याच वाणांची शेजारी-शेजारी लागवड करून पाहिली, तेव्हा कीटकांची वर्दळ डबल फुलांवर कमीच आढळली. एकेरी पाकळ्यांच्या फुलांत तिथे ‘पिका बेला’ हे वाण पहिलं आलं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. एकाच गड्ड्याचे तुकडे करून सगळीकडे लावले तर फुलं येतील, बी भरणार नाही. कोनफ्लॉवरला स्वतःचे पराग चालत नाहीत, वेगळ्या वंशाचं झाड जवळ लागतं. म्हणून दोन-तीन रोपं तरी बियांपासून वाढवलेली, वेगवेगळी आणा.

जागा आणि माती

रोज सहा तास ऊन. एवढं मिळालं की बाकी सगळ्याला हे झाड जुळवून घेतं, फक्त हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. ३० जानेवारी २०१९ ला इथे शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे उणे ३१ सेल्सियसच्या आसपास. त्या वर्षी माझं एकही जांभळं कोनफ्लॉवर गेलं नाही. हिवाळ्यात गेली ती नेहमी पाण्याने.

आमच्याकडची माती चिकण. पाहायचं असेल तर फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच दिसलं तर तिथे लावू नका. मी तेवढ्या जागी सहा इंच उंच वरंबा केला, आपल्या शेतात हळदीला करतात तसा. मातीत एकदाच दोन इंच कुजलेल्या पानांचं कंपोस्ट मिसळलं, ते मातीत हवा खेळावी म्हणून. त्यानंतर खत नाही. लॉनला टाकायचं नायट्रोजनचं खत उडून वाफ्यात पडलं तरी झाडं लुसलुशीत वाढतात आणि जुलैच्या पहिल्या वादळात आडवी होतात.

लावणी

इथे मेच्या मध्यापासून जूनपर्यंतचा काळ उत्तम. शरदात लावायचं असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नका. जमीन गोठण्याआधी मुळांना दीड-दोन महिने मिळाले पाहिजेत. माझी पहिली तीन रोपं मेली त्यात खताइतकाच उशिराचाही हात होता.

दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर सोडा. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी मोकळी करा. जिथून पानं फुटतात तो गळा मातीच्या बरोबर पातळीत हवा, अर्धा इंचही खाली नको. मल्च घाला, पण गळ्यापासून चार बोटं लांब.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी, पावसाचं धरून. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सावकाश आणि खोल द्या. दुसऱ्या वर्षापासून मी पाणी देत नाही, कडक दुष्काळ पडला तरच. दुपारी पानं माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. सकाळीही मलूल दिसली तरच पाइप उचला.

पहिली दोन वर्षं ससे कोवळे कोंब कातरीने कापल्यासारखे खातात. दीड फूट उंचीची कोंबड्यांची जाळी रोपाभोवती गोल उभी करा. झाड पसरलं की जाळी काढली तरी चालते, खरखरीत जुनी पानं त्यांना तितकी आवडत नाहीत.

बोंड जवळून बघा

जुलैच्या सकाळी आठच्या सुमारास चष्मा लावून एका फुलापाशी बसा. आपण ज्याला एक फूल म्हणतो त्याच्या मधल्या बोंडात शेकडो बारकी फुलं असतात, आणि जे काटे टोचतात ती त्यांच्यामधली कडक सालपटं, टोकाला झेंडूच्या रंगाची. बारकी फुलं एकदम उमलत नाहीत. सगळ्यात खालची, पाकळ्यांलगतची रांग आधी, मग रोज एकेक रांग वर. त्यामुळे पिवळ्या परागांचं एक कडं बोंडावरून दिवसागणिक वर सरकत जातं. कडं खाली असेल तर फूल ताजं, शेंड्याला पोहोचलं असेल तर संपत आलेलं. कापायला कुठलं फूल घ्यायचं ते मी यावरूनच ठरवते.

अजून एक गंमत आहे. परागांच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक बारक्या फुलातून दोन टोकांची, धाग्यासारखी कुक्षी बाहेर येते. तिला दुसऱ्या झाडाचे योग्य पराग मिळाले की ती दिवसाभरात सुकते. नाही मिळाले तर वाट बघत तशीच ताठ राहते, कित्येक दिवस. म्हणजे बोंडावर सुकलेल्या धाग्यांच्या वर पिवळं कडं दिसलं तर मधमाश्या कामाला आहेत. ताठ धाग्यांच्या तीन-चार रांगा एकावर एक साचल्या तर आसपास जोडीचं झाड नाही किंवा माश्या येत नाहीत. मिनेसोटात ‘एकिनेशिया प्रोजेक्ट’चे शास्त्रज्ञ प्रेअरीच्या उरलेल्या तुकड्यांमध्ये हेच धागे मोजून कुठल्या झाडाला पराग मिळाले, कुठल्याला नाही याचा हिशेब ठेवतात. माझ्या बागेत कुंपणापलीकडच्या एकट्या झाडावर असे ताठ धागे साचलेले दिसले, म्हणून मी त्याच्याजवळ दुसरं लावलं. पुढच्या वर्षी त्याचं बी भरलं.

गणपतीसाठी जूनमध्ये कात्री

इथे कोनफ्लॉवर जूनच्या शेवटी उमलायला लागतं आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहर ओसरतो. आपले गणपती कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरात, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते तर २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला ऐन गणपतीत काळी बोंडंच मिळायची आणि मी दुकानातून फुलं आणायचे.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात, झाडं गुडघ्याला लागली आणि कळ्या अजून दिसत नाहीत तेव्हा, निम्म्या झाडांचा वरचा एक तृतीयांश भाग पानाच्या बेचक्यावर छाटते. छाटलेली झाडं बुटकी राहतात, जास्त फांद्या धरतात, आणि दोन-तीन आठवडे उशिरा फुलतात. फुलं किंचित लहान येतात. शिवाय जुलैभर त्या झाडांवरची उतरलेली फुलं खालच्या बगलेतल्या कळीपर्यंत कापत राहते, म्हणजे ती बीजात ताकद घालवत नाहीत. गणपती उशिरा असतील त्या वर्षीही या दोन्हींमुळे सात-आठ दिवसांपुरती फुलं मिळतात. बाकीची निम्मी झाडं मी हातच लावत नाही, ती पाखरांची.

फुलं सकाळी कापा, पाकळ्या पूर्ण आडव्या झाल्यावर आणि खालची एक-दोन कडी उमलल्यावर. कळी कापली तर ती फुलदाणीत उमलत नाही. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, ती लवेची असतात आणि पाणी लगेच नासवतात. एक दिवसाआड पाणी बदललं की आठवडा टिकतात. हारात ओवायच्या भानगडीत पडू नका, बोंड सुईला दाद देत नाही आणि बोटं सोलून निघतात. ताटाभोवती आखूड देठांची मांडणी किंवा गौरींच्या मागे उंच घड्यात, असं छान दिसतं. मखरासमोरच्या रांगोळीत पाकळ्या वापरते. जांभळ्या पाकळ्यांच्या शेजारी झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या की रंग उठून दिसतो.

रोग आणि किडी: कधी घाबरायचं

बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. पानांवर पांढरी भुरी येते, ऑगस्टमध्ये, दिसायला वाईट पण झाडाला सोसते. पुढच्या वसंतात गड्डे विरळ करा म्हणजे वारा खेळेल. पानांवर काळ्या काटेरी अळ्यांची गर्दी दिसली तर औषध मारण्याआधी थांबा. ती बहुधा सिल्व्हरी चेकरस्पॉट फुलपाखराची पिल्लं असतात. पानांची चाळण करतात खरी, पण झाड पुन्हा फुटतं.

जपानी भुंगेरे, हिरवे-तांबूस, जुलैत पाकळ्यांवर तुटून पडतात. सकाळी लवकर, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फुलाला टिचकी मारा. ते आपणहून खाली पडतात. वासाचे सापळे बागेत टांगू नका, ते आजूबाजूचे भुंगेरेही बोलावून आणतात.

बोंडाच्या इंचभर खाली देठ मोडून फूल धाग्याला लोंबकळताना दिसलं तर तो सोंडकिड्याचा प्रताप. मादी देठाला दातेरी चर पाडते आणि फुलात अंडी घालते. लोंबलेली आणि गळलेली बोंडं रोज गोळा करून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. तीन वर्षं नेटाने केलं आणि आता क्वचित एखादं सापडतं.

खरं घाबरायचं ते एका रोगाला, अ‍ॅस्टर यलोजला. फुलं हिरवी राहतात, बोंडातून छोटी-छोटी हिरवी फुलं किंवा पानांचे झुपके बाहेर पडतात, झाड खुरटतं, पिवळं पडतं. वांग्यावरचा पर्णगुच्छ ज्यांनी शेतात पाहिला असेल त्यांना हे लगेच ओळखता येईल, तोही फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूंचाच आणि तोही तुडतुड्यांमार्फत पसरणारा. वडील वांग्याचं असं झाड दिसलं की उभ्या उभ्या उपटायचे. इथेही तेच करायचं. त्याला औषध नाही. मुळासकट काढा, पिशवीत बांधा, कचऱ्यात द्या. माझं आवडतं, आजींनी दिलेलं मूळ झाड या रोगाने गेलं. आठवडाभर काढवेना म्हणून ठेवलं, तेवढ्यात शेजारची दोन लागली.

पण उपटण्याआधी नीट बघा, कारण एका कोळी किडीमुळेही (इंग्रजीत माइट) बोंडं बिघडतात. डोळ्यांना न दिसणारी ही कीड कळीत शिरते आणि बोंडाच्या माथ्यावर काटेरी गुलाबासारखा झुबका येतो. त्यात बिघाड फक्त बोंडापुरता असतो. पाकळ्यांचा रंग आणि पानं ठीक असतात. अशी बोंडं कापून टाकली की झाड वाचतं. झाडभर हिरवेपणा आणि खुरटेपणा दिसला तरच रोग समजा.

चहा आणि औषध

तिसऱ्या-चौथ्या वर्षी वसंतात गड्डा विभागताना मुळाचा एक तुकडा धुऊन चघळून पाहिला. आधी मातकट, किंचित गोड, मग अर्ध्या मिनिटात जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या आणि तोंडाला पाणी सुटलं. ही चव मला ओळखीची होती. माझी आजी दात दुखला की अक्कलकाऱ्याचं बोंड दाढेखाली धरायला द्यायची, हुबेहूब तसं. दोन्हींत अल्कामाइड नावाच्या वर्गातली द्रव्यं असतात, त्यानेच जीभ झिणझिणते. इथल्या मैदानी प्रदेशातले लकोटा आणि इतर मूळ रहिवासी अरुंद पानांच्या कोनफ्लॉवरचं मूळ दातदुखीला आणि घसादुखीला वापरत आले आहेत.

सर्दीवर त्याच्या गोळ्या सर्रास विकल्या जातात. २०१४ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. सर्दी बरी होते असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा त्यात मिळाला नाही, झालाच तर काही उत्पादनांचा थोडासा फायदा. म्हणून मी हा चहा औषध म्हणून पीत नाही. फुलं येऊ लागतात तेव्हा खालची पानं आणि थोड्या पाकळ्या सावलीत वाळवते आणि चमचाभर चुरा आलं-गवती चहात घालते. चवीला गवतासारखा, थोडा तुरट.

शेवंती, रॅगवीड किंवा आपल्याकडच्या गाजरगवताने ज्यांना शिंका, पुरळ किंवा दमा उठतो त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, कूळ एकच आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. माझ्या नणंदेला आमवातासाठी तशी औषधं चालू आहेत. ‘घरचंच तर आहे’ म्हणून तिने कप पुढे केला होता, मी तिला साधा चहा करून दिला.

आणि मुळं घ्यायची तर स्वतःच्या वाफ्यातलीच. रानातली मुळं बाजारासाठी इतकी ओरबाडली गेली आहेत की काही माळांवरून ही झाडं दिसेनाशी झाली. राखीव प्रेअरीतून बी किंवा मूळ उचलणं बेकायदाही आहे.

हिवाळ्यात काहीच कापू नका

सप्टेंबरमध्ये इकडचे लोक बाग ‘स्वच्छ’ करतात. तुम्ही करू नका. काळ्या बोंडांवर पिवळे गोल्डफिंच येतात, देठ वाकेपर्यंत उलटे लोंबकळून एकेक बी ओढून काढतात. बर्फात हे देठ उभे असतात, प्रत्येक बोंडावर बर्फाची टोपी. कापणी एप्रिलमध्ये, तीही जमिनीलगत नाही. बारा ते पंधरा इंचांचे खुंट ठेवा. देठाच्या मऊ गाभ्यात बारक्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. नवी पानं जूनपर्यंत खुंट झाकून टाकतात.

गड्डे विभागायचे तर तेही वसंतात, कोंब चार इंचांचे झाल्यावर, तीन-चार वर्षांतून एकदा. जांभळ्याचेच, सोटमुळाच्या जातींना कुदळ लावू नका.

बी आणि संक्रांतीचं वाण

स्वतःसाठी बी हवं असेल तर ऑक्टोबरमध्ये आठ-दहा बोंडं पाखरांच्या आधी कापा, बोंड चोळल्यावर सहज सुटं व्हायला हवं. जाड हातमोजे घाला. कागदी पिशवीत दोन आठवडे वाळवा, मग बरणीत चार खडे टाकून जोरात हलवा. काटे आणि भुसा काळपट. बी फिकट, चौकोनी, तांदळाच्या कणीएवढं. सुपात हळू पाखडलं की वेगळं होतं. माझं सूप आईने कराडहून आणलेलं आहे. तिला परत जाताना हे बी न्यायचं होतं, पण परवान्याशिवाय बियाणं विमानातून नेता येत नाही, म्हणून तिने एका वाळलेल्या फुलाचं चित्र तेवढं काढून घेतलं. संकरित जातींच्या बियांतून आईसारखं रोप येत नाही, त्यामुळे बी साध्या जांभळ्याचंच धरा.

या बियांना रुजण्याआधी ओली थंडी मिळाली तर उगवण चांगली होते. परप्युरियाला महिनाभर, पॅलिडाला दोन-तीन महिने. फ्रीजमध्ये ओल्या वाळूत ठेवूनही जमतं. पण सगळ्यात सोपा मार्ग दुधाच्या कॅनचा आहे, आणि त्याची वेळ नेमकी संक्रांतीला येते. म्हणून मी हळदीकुंकवाला तिळगुळासोबत बियांची पुडी वाण म्हणून देते, आणि ज्या बायकांना करून बघायचं असतं त्या रिकामा कॅन घेऊनच येतात. स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र पसरून आम्ही तिथेच पेरतो.

गॅलनचा प्लास्टिकचा कॅन घ्या. हँडलच्या खाली चहूबाजूंनी कापा, पण मागे दोन बोटं जोडलेलं ठेवा, डब्याच्या झाकणासारखं. तळाला आठ-दहा भोकं पाडा. चार इंच कुंडीची माती भरा, आधी ओली करून, मुठीत दाबल्यावर लाडवासारखी राहील पण पाणी गळणार नाही इतकी. वीस-पंचवीस बिया पसरून वरून नखाएवढी माती भुरभुरा. कापलेली कड चिकटपट्टीने बंद करा. वरचं बूच मात्र फेकून द्या, तिथूनच पाऊस आणि बर्फ आत जायचा आहे. नाव कॅनच्या तळाला लिहा, वर लिहिलेलं उन्हाने पुसतं.

मग कॅन बाहेर नेऊन ठेवा. वाऱ्याने उलटणार नाही अशा जागी, पण छताखाली नाही. बर्फात गाडला गेला तर गाडू द्या. एप्रिलच्या मध्याला आत हिरवे ठिपके दिसतील. ऊन चढलं की दिवसा झाकण उघडा, माती कोरडी दिसली तर पाणी द्या. चार पानं आली की वाफ्यात. फूल बहुतेक दुसऱ्या वर्षी.

दरवर्षी फेब्रुवारीत कुणाचा तरी फोन येतो, की अगं, कॅन दोन फूट बर्फाखाली आहे, आत आणू का? पुडीवर मी आता ठळक अक्षरांत लिहूनच देते: ‘आत आणू नका.’